विकत न मिळणारी जर्सी

फुटबॉलच्या जाणकारांत गेली काही वर्षे एक मत रूढ होऊ पाहत आहे. देशादेशांतील सामन्यांचे दिवस आता सरले. खरा फुटबॉल पाहायचा तर तो माद्रिद, मँचेस्टर, म्युनिक आणि पॅरिस येथील क्लबांच्या मैदानांवर पाहावा. राष्ट्रीय संघांचे सामने म्हणजे क्लबांच्या भरगच्च हंगामात मध्येच येणारा व्यत्यय होय, असे हे मत आहे. आपल्याकडेही रात्री जागून युरोपातील लीगचे सामने पाहणारी एक पिढी पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत वाढली आहे. तिला लिव्हरपूलचे राखीव खेळाडूही तोंडपाठ असतात. भारताचा गोलरक्षक कोण, हे मात्र आठवावे लागते. या मुलांवर रागावून काही साधणार नाही. त्यांच्या मताला उत्तर द्यायचे असेल तर ते मत आधी नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश मोठा आहे.

खेळाच्या दर्जाचा विचार केला तर क्लबांचे पारडे जड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. क्लबचा संघ वर्षातील दहा महिने रोज एकत्र सराव करतो. प्रशिक्षकाला एखाद्या जागेसाठी खेळाडू कमी पडला तर तो जगाच्या पाठीवरून कोठूनही आणता येतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला मात्र वर्षाकाठी जेमतेम काही आठवडे मिळतात आणि देशात जे निपजले असेल त्यावरच भागवावे लागते. १९५५ साली सुरू झालेल्या युरोपियन कपचे १९९२ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये रूपांतर झाले, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा या खेळात महापुरासारखा शिरला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला. करार संपलेला खेळाडू मोबदल्याविना दुसऱ्या क्लबकडे जाण्यास मोकळा झाला आणि युरोपीय संघातील नागरिकांपुरते परदेशी खेळाडूंच्या संख्येवरचे बंधन गळून पडले. चार वर्षांनी, २६ डिसेंबर १९९९ रोजी, चेल्सीचा संघ साउदॅम्प्टनविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा त्याच्या पहिल्या अकरांत एकही इंग्रज नव्हता. इंग्रजांनीच जगाला दिलेल्या खेळात, इंग्रजांच्या राजधानीतील क्लबाकडून हे घडले.

क्लब हा राष्ट्राचा शत्रू आहे, असे मानण्याचेही कारण नाही. आपला स्वतःचा इतिहास त्याची साक्ष देतो. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते, समोर बूट घातलेले गोरे सैनिक होते. बंगालच्या फाळणीची जखम तेव्हा ओली होती. भारताचा राष्ट्रीय संघ त्या काळी अस्तित्वातच नव्हता. पण त्या दिवशी शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी केलेले गोल कोण्या एका क्लबचे राहिले नाहीत. कोल्हापुरात आजही पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा अख्खे शहर दोन बाजूंना विभागले जाते. क्लब म्हणजे पेठ, गाव, गिरणी, शाळा. म्हणजेच माणसाची पहिली ओळख. राष्ट्राची ओळख तिच्यावर उभी राहते. १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवणारा हंगेरीचा संघ बव्हंशी होनव्हेड या क्लबातून घडला होता. २०१० मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या स्पेनने अंतिम सामन्याची सुरुवात केली तेव्हा अकरापैकी सहा खेळाडू एकट्या बार्सिलोनाचे होते.

प्रश्न क्लबाचा नसून क्लब आज कोणाचा उरला आहे, हा आहे. मँचेस्टर सिटी २००८ पासून अबुधाबीच्या राजघराण्याच्या पैशावर उभा आहे, पॅरिस सेंट जर्मेन २०११ पासून कतारच्या, न्यूकॅसल २०२१ पासून मुख्यत्वे सौदी अरेबियाच्या. २०१७ मध्ये पॅरिसने नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले. ज्या शहराचे नाव जर्सीवर आहे त्या शहराचा मालक नाही, प्रशिक्षक नाही, बहुतेक खेळाडूही नाहीत. शहराचे उरले आहेत ते केवळ प्रेक्षक. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली, तेव्हा या प्रेक्षकांचीही गरज उरली नाही असाच त्यांचा समज दिसला. संस्थापक क्लब कितीही हरले तरी स्पर्धेतून बाहेर पडणार नाहीत, अशी ती योजना होती. ज्यात खाली घसरण्याचे भय नाही, त्याला स्पर्धा म्हणावे की प्रदर्शन? या वेळी इंग्लंडमधील सामान्य चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांच्या आत सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. क्लब हा आपल्या मातीचा असतो, ही भावना भांडवलाने अद्याप पूर्णपणे मारलेली नाही, हा त्या घटनेचा आशादायक अर्थ. पण तिच्यावर घाला घालण्याची तयारी किती झाली आहे, हेही त्याच दोन दिवसांत दिसले.

राष्ट्रीय संघाचे महत्त्व येथे उमगते. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. तेव्हापासून आजपर्यंत बाजाराला एक गोष्ट सहजी साधलेली नाही, ती म्हणजे देशाच्या संघासाठी खेळाडूंची उघड खरेदी. ब्राझीलला चांगला गोलरक्षक हवा असेल तर तो ब्राझीलमध्येच घडवावा लागतो. जर्मनीला इटलीचा बचावपटू आवडला म्हणून तो जर्मनीला मिळत नाही. श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी या एका नियमाने पूर्णपणे बुजत नसली तरी अरुंद नक्कीच होते. २७ जून २०१६ रोजी फ्रान्समधील नीस शहरात सुमारे ३ लाख ३० हजार लोकवस्तीच्या आइसलंडने इंग्लंडला २-१ असे हरवले. आइसलंडच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक व्यवसायाने दंतवैद्य होता. जगातील सर्वांत श्रीमंत लीगमध्ये खेळणारे अकरा जण एका छोट्या बेटावरील माणसांपुढे निरुत्तर झाले. २०२६ च्या विश्वचषकासाठी केप व्हर्दे हा सव्वापाच लाखांच्या आसपास वस्तीचा देश पात्र ठरला आणि त्यापाठोपाठ सुमारे दीड लाखाच्या कुरासाओने विश्वचषक गाठणारा सर्वांत लहान देश म्हणून नाव कोरले. क्लबांच्या जगात एवढ्या वस्तीच्या गावातील गुणी मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच कोणीतरी उचलून नेतो. राष्ट्रीय संघ त्याला परत आणतो.

खेळाडूंच्या मनात कोणते पारडे जड आहे, हेही पाहावे. लिओनेल मेस्सीने बार्सिलोनासाठी क्लब फुटबॉलमधील मिळवण्याजोगे सारे मिळवले. पण त्याच्याच देशात त्याला ‘बार्सिलोनाचा मेस्सी’ म्हणून हिणवले जाई. २०११ च्या कोपा अमेरिकेत स्वदेशातील प्रेक्षकांनी त्याच्या संघाची हुर्यो उडवली. २०१६ मध्ये अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्तीच जाहीर केली होती. तो परतला, २०२१ मध्ये माराकानावर ब्राझीलला हरवून कोपा जिंकला आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसेल येथे विश्वचषक उंचावला. त्या अंतिम सामन्यात मेस्सीने दोन आणि फ्रान्सच्या किलियन एम्बापेने तीन गोल केले. दोघेही त्या वेळी एकाच पॅरिस सेंट जर्मेनचे पगारी खेळाडू होते. त्यांना एकत्र आणण्यासाठी अफाट पैसा ओतला गेला होता. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सामना ते एकमेकांविरुद्ध खेळले. दोन दिवसांनी ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर लक्षावधींचा असा जनसागर उसळला, की खेळाडूंना बसमधून उतरवून हेलिकॉप्टरने न्यावे लागले. कोणत्याही क्लबच्या कोणत्याही चषकाने एखाद्या देशाचे असे रूप पाहिलेले नाही.

याहून मोठे उदाहरण १९५८ चे आहे. रशीद मखलूफी हा सेंट एतिएनचा आणि मुस्तफा झितूनी हा मोनाकोचा खेळाडू. दोघेही जन्माने अल्जीरियन आणि त्या वर्षीच्या स्वीडनमधील विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघात निवडले जाण्याच्या बेतात. अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा तेव्हा पेटलेला होता. एप्रिलच्या मध्यात हे दोघे आणि आणखी काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला पोहोचले. तेथे स्वातंत्र्यलढ्याचा संघ उभा राहिला. फिफाने त्याला मान्यता दिली नाही. विश्वचषक गेला, पगार गेला, उमेदीची चार वर्षे गेली. ज्याचा देश अजून नकाशावर नाही, त्याचा संघ मात्र गावोगाव, देशोदेशी सामने खेळत फिरत होता. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. आंतरराष्ट्रीय फुटबॉलला अजून अर्थ आहे का, या प्रश्नाचे उत्तर या मंडळींनी पायाने लिहून ठेवले आहे.

आधुनिक काळातही असे प्रसंग आहेत. ऑक्टोबर २००५ मध्ये आयव्हरी कोस्टने सुदानमध्ये सामना जिंकून पहिल्यांदाच विश्वचषक गाठला. देश तेव्हा यादवी युद्धाने दुभंगला होता. दिदिए द्रोग्बा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून देशवासीयांना शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. २००७ मध्ये त्या संघाचा सामना बंडखोरांच्या बुआके शहरात भरवला गेला. २००७ मध्येच इराकने जकार्तात सौदी अरेबियाला १-० असे नमवून आशिया कप जिंकला. शिया, सुन्नी आणि कुर्द खेळाडू त्या संघात खांद्याला खांदा लावून होते. विजयी गोलही कुर्द खेळाडूच्या कॉर्नरवर सुन्नी कर्णधार युनूस महमूदने केला. उपांत्य सामन्यानंतर आनंदोत्सव करणाऱ्या बगदादच्या जमावांवर बॉम्बहल्ले होऊन पन्नासच्या आसपास माणसे मेली होती, तरी हा संघ अंतिम सामना खेळला. फुटबॉलने युद्धे थांबतात, असा भाबडा दावा येथे करायचा नाही. आयव्हरी कोस्टमध्ये २०१० नंतर पुन्हा रक्त सांडले. परंतु आपण एक आहोत याची आठवण दुभंगलेल्या समाजाला त्या नव्वद मिनिटांनी करून दिली. ते काम कोणत्याही क्लबला जमले नसते.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुसोलिनीने १९३४ चा विश्वचषक आणि अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी १९७८ चा विश्वचषक आपली प्रतिमा उजळण्यासाठी वापरला. १९६९ मध्ये एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्यातील पात्रता सामन्यांनी जमीन व निर्वासितांच्या जुन्या वादात तेल ओतले आणि चार दिवसांचे युद्ध झाले. देशप्रेम आणि परद्वेष यांतील सीमारेषा गर्दीत लवकर पुसली जाते. शिवाय राष्ट्रीय संघही आता बाजारापासून पूर्ण मुक्त राहिलेला नाही. २०२२ मध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण परदेशांत जन्मलेले होते. ते आईबापांच्या मातीकडे परतले, हे समजण्यासारखे आणि अभिनंदनीय आहे. पण २०२५ मध्ये मलेशियाच्या सात परदेशी जन्माच्या खेळाडूंची आजी-आजोबांची कागदपत्रे खोटी असल्याचे सांगून फिफाने त्यांच्यावर बंदी घातली. नाते खरे असेल तर सागर आडवा येत नाही. नाते बनावट असेल तर तो सरळ सौदा होतो. खुद्द फिफाचाही लोभ कमी नाही. २०२६ साठी विश्वचषक ३२ वरून ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा केला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ३२ क्लबांची नवी स्पर्धा भरवली गेली. खेळाडूच्या शरीराला विश्रांती हवी, याचा विचार ना क्लब करतात, ना महासंघ.

आता स्वतःच्या घराकडे वळू. १९५१ मध्ये दिल्लीत इराणला हरवून भारताने पहिल्याच आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून पुन्हा सुवर्ण. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्याच आशियाई स्पर्धेसाठी २०२३ मध्ये हांगझौला संघ पाठवायची वेळ आली, तेव्हा इंडियन सुपर लीगचा हंगाम दोन दिवसांनी सुरू होणार होता. नियमाप्रमाणे बांधील नसल्याने क्लबांनी अनेक प्रमुख खेळाडू सोडले नाहीत. कसाबसा जमवलेला संघ आदल्या सायंकाळी पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी चीनकडून १-५ असा हरला. २०२५ मध्ये मध्य आशियाई स्पर्धेच्या वेळी पुन्हा तेच. ती फिफाच्या ठरलेल्या कालखंडाबाहेर होती, म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू दिले नाहीत. १९११ च्या वारशाचा हाच तो क्लब! क्लबाचीही बाजू आहे. पगार तो देतो, खेळाडू जायबंदी झाला तर नुकसान त्याचे होते आणि महासंघाचे वेळापत्रक विश्वासार्ह नसते. म्हणूनच हा प्रश्न केवळ भावनेच्या आवाहनाने सुटणारा नाही.

त्या संघाने ओमानला नमवून तिसरा क्रमांक मिळवला, हे कौतुकास्पद. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया कपचे दार बंद झाले. मुंबई-ठाण्याच्या एकत्रित लोकसंख्येपेक्षा लहान असलेल्या एका नगरराष्ट्राने १४० कोटींच्या देशाला, फुटबॉल ज्याच्या रक्तात आहे अशा गोव्यात हरवले. दोष एका सामन्याचा नाही. २०१४ मध्ये झगमगाटात सुरू झालेली लीग जुलै २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने स्थगित करावी लागली होती आणि खेळाडूंचे पगारही अनिश्चित झाले होते. अकरा वर्षांत आपण लीग उभारली, पण तिच्या तळाशी शालेय आणि जिल्हा स्पर्धांचा पाया घातला नाही. क्लब सुदृढ नसेल तर राष्ट्रीय संघ सुदृढ होत नाही आणि राष्ट्रीय संघाची ओढ नसेल तर क्लबही केवळ जाहिरातीचा फलक होतो. ही दोन चाके आहेत. एक काढून गाडा चालणार नाही.

याच कारणाने फुटबॉलचा हा वाद क्रिकेटवेड्या घरांनाही परका वाटू नये. २००८ नंतर क्रिकेटमध्ये फ्रँचायझींचे जे युग आले, त्यात न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये मंडळाचा केंद्रीय करार सोडला, तर वेस्ट इंडिजच्या निकोलस पूरनने २०२५ मध्ये, तिशीच्याही आत, आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबवले. फुटबॉल ज्या वळणावर आज उभा आहे, तेथे क्रिकेट उद्या पोहोचणार आहे.

तेव्हा करायचे काय? महासंघ, लीग आणि क्लब यांनी वर्षारंभीच एक लेखी वेळापत्रक ठरवावे. आशियाई स्पर्धेसारख्या प्रसंगांसाठी लीगला सुट्टी असावी आणि खेळाडू जायबंदी झाल्यास क्लबाला भरपाई मिळावी. विदेशस्थ भारतीयांपैकी जे येऊ इच्छितात त्यांचे स्वागत व्हावे. आईचा जन्म मुंबईतला असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पण त्यांच्या भरवशावर घरची शेती पडीक ठेवता येणार नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये कुमारांच्या विश्वचषकात भारतासाठी खेळला. तसे आणखी शंभर हवे असतील तर तालीम मंडळांना मैदान, प्रशिक्षक आणि नियमित स्पर्धा मिळाल्या पाहिजेत. शाळेचे मैदान वाहनतळासाठी जात असेल, तर त्याविरुद्ध उभे राहणे हेही देशकार्यच आहे.

आणि प्रेक्षक म्हणून आपलाही वाटा आहे. जून २०१८ मध्ये मुंबईच्या अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले. पाहायला जेमतेम अडीच हजार लोक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने युरोपीय क्लबांच्या भारतीय चाहत्यांना उद्देशून आवाहन केले. आमचा दर्जा तुमच्या क्लबांइतका नाही हे खरे, पण आमच्याशी बोलायला, हवे तर टीका करायला, मैदानावर या, असा त्याचा आशय होता. पुढच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

दर्जा वाढेल तेव्हा येऊ, असे म्हणणारा प्रेक्षक ग्राहक असतो. दर्जा वाढेपर्यंत सोबत राहू, असे म्हणणारा आप्त. बार्सिलोनाची जर्सी मुलाने अवश्य घालावी. उत्तम खेळ जेथे असेल तेथे तो पाहावा, त्यातून शिकावे. तो आनंद त्याच्यापासून हिरावण्याचे कारण नाही. मात्र ती जर्सी पैसे देऊन मिळते आणि उद्या क्लब बदलला की दुसरी घेता येते. आपल्या देशाचा संघ बदलून मिळत नाही. तो हरला तर आपण हरतो आणि त्याला उभे करायचे तर आपल्यालाच उभे राहावे लागते. आंतरराष्ट्रीय फुटबॉलचे महत्त्व एवढ्यातच आहे आणि ते पुरेसे आहे.